युद्धकैद्याला मारहाण झाली, तर जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: युद्धात पकडलेल्या कैद्यांना सैनिकांनी मारहाण केली, छळलं किंवा ठारच मारलं, तर जबाबदार कोण? ज्याने हात उचलला तो, ज्याने हुकूम दिला तो, की ज्या सरकारने त्यांना तिथे पाठवलं ते? विचारणाऱ्याने पुढे असंही लिहिलंय की त्यांचा धाकटा भाऊ नुकताच सैन्यात अधिकारी झालाय, आणि त्याच्या डोळ्यांसमोर असं काही घडलं तर त्याने नेमकं काय करायचं, तेही सांगा.

मी बरीच वर्षं सैन्याच्या विधी विभागात काढली. कैद्यांच्या मारहाणीच्या आणि कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशांमध्ये बसलो, आणि पुढे तरुण अधिकाऱ्यांना युद्धाचा कायदा शिकवला. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो: तिघेही जबाबदार, आणि तिघेही पूर्ण जबाबदार. ही काही भावाभावांतली जमिनीची वाटणी नव्हे, की एकाकडे जास्त गेली म्हणून दुसऱ्याकडे कमी उरली. शिपायाला शिक्षा झाली म्हणून कर्नल सुटत नाही, आणि कर्नल दोषी ठरला म्हणून शिपायाचे हात धुतले जात नाहीत. मात्र प्रत्येकाला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. शिपायाला विचारायचं, ‘तू काय केलंस?’ अधिकाऱ्याला विचारायचं, ‘तुला काय माहीत होतं आणि तू काय केलं नाहीस?’ सरकारला विचारायचं, ‘तो माणूस तुमच्या ताब्यात होता, त्याचं काय झालं?’ हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते, आणि शेवटी खापर सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर फुटतं.

सुरुवात सरकारपासून करतो, कारण कायदाही तिथूनच सुरुवात करतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं बारावं कलम सांगतं की युद्धकैदी हा शत्रुराष्ट्राच्या ताब्यात असतो, त्याला पकडणाऱ्या माणसाच्या किंवा तुकडीच्या ताब्यात नव्हे. वाचायला साधं वाक्य आहे, पण त्यामागे काही शतकांचा अनुभव आहे. एके काळी कैदी म्हणजे पकडणाऱ्याची मालमत्ता असे. खंडणी घेऊन सोडायचा, विकायचा की मारायचा, हे तो ठरवी. हे नातं कायद्याने मुळापासून तोडलं. ज्याच्या मित्राला तासाभरापूर्वी गोळी लागली, त्याच सैनिकाच्या हातात समोरच्या नि:शस्त्र माणसाचं आयुष्य राहू नये, म्हणून कैद्याला शक्य तितक्या लवकर आघाडीवरून मागे न्यायचं, त्याची नोंद करायची, आणि त्याची जबाबदारी राष्ट्राच्या नावावर चढवायची. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कोणा व्यक्तीची वैयक्तिक जबाबदारी असो वा नसो, कैद्याला मिळणाऱ्या वागणुकीला ते राष्ट्र जबाबदार आहे. आणि एकशे एकतिसावं कलम म्हणतं की गंभीर भंगाच्या, म्हणजे छळ किंवा हत्येसारख्या कृत्यांच्या, या जबाबदारीतून कोणतंही राष्ट्र स्वतःला किंवा दुसऱ्या राष्ट्राला मोकळं करू शकत नाही. युद्धानंतर दोन सरकारांनी आपापसांत ‘झालं गेलं विसरू’ असं ठरवलं, तरी नाही.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यात १९९८ ते २००० युद्ध झालं. नंतर दोघांच्या संमतीने नेमलेल्या दावे आयोगाने १ जुलै २००३ रोजी युद्धकैद्यांबाबतचे निर्णय दिले, आणि दोन्ही देशांना दोषी धरलं. त्यात मारहाण होती, औषधोपचारांची हेळसांड होती. पकडलेल्या सैनिकांचे बूट काढून घेऊन त्यांना खडकाळ वाटांनी अनवाणी चालवलं, हासुद्धा कराराचा भंग ठरला. शिकवताना मी हे बुटांचं उदाहरण मुद्दाम देत असे. छळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंधारकोठडी येते. इथे बूट काढून घेणाऱ्याला कदाचित ती साधी लूट वाटली असेल. २००९ मध्ये आयोगाने भरपाईचे अंतिम आकडे जाहीर केले, आणि ते दोन्ही बाजूंना सोळा-सतरा कोटी डॉलरच्या घरात होते. त्यात युद्धकैद्यांच्या दाव्यांचाही वाटा होता. बूट कोणत्या शिपायाने काढले, हे कोणी शोधत बसलं नाही. राष्ट्राच्या जबाबदारीसाठी ते शोधावं लागतही नाही.

आता हात उचलणाऱ्याकडे येतो. ‘वरून हुकूम होता’ हा बचाव शंभराहून अधिक वर्षं चाललाय आणि अजून संपलेला नाही. १९२१ मध्ये लाइपझिगच्या जर्मन न्यायालयासमोर ‘लँडोव्हरी कॅसल’चा खटला चालला. हे इस्पितळाचं जहाज जून १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि मग जीव वाचवून होड्यांत बसलेल्या लोकांवर गोळीबार केला. पाणबुडीचा कप्तान हाती लागला नाही, पण त्याच्या हाताखालच्या दोन लेफ्टनंटांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयाचं म्हणणं असं की असहाय माणसांवर गोळ्या झाडणं बेकायदा आहे हे इतकं उघड आहे की हुकूम पाळला म्हणून कोणी सुटू शकत नाही. न्यायाधीश हरलेल्या देशाचेच होते, आरोपीही त्यांच्याच नौदलाचे होते, म्हणून या निकालाला माझ्या लेखी मोल आहे. ते दोघे पुढे कैदेतून निसटले, हेही सांगायलाच हवं.

नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यासाठी केलेल्या न्यूरेंबर्गच्या सनदेने १९४५ मध्ये दार आणखी घट्ट केलं: वरिष्ठाचा हुकूम हा बचाव होणार नाही, फार तर शिक्षा कमी करताना त्याचा विचार होईल. ज्यातून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं, त्या १९९८ च्या रोम कायद्याचं तेहतिसावं कलम थोडं मऊ आहे. हुकूम पाळण्याचं कायदेशीर बंधन होतं, तो बेकायदा आहे हे आरोपीला माहीत नव्हतं, आणि तो उघडउघड बेकायदा नव्हता, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच बचाव चालतो. हात बांधलेल्या माणसाला लाथ मारायचा हुकूम या चाळणीतून कधीच खाली पडत नाही. पण ‘याला झोपू देऊ नका’, ‘डोक्यावरची पिशवी काढू नका, सुरक्षेसाठी आहे’, ‘चौकशीवाले येईपर्यंत भिंतीला टेकवून उभा ठेवा’ हे हुकूम कानाला रोजच्या कामासारखे वाटतात. विशीतला मुलगा बहुधा इथेच अडकतो. त्याला कोणी ‘छळ कर’ म्हणत नाही.

हुकूम कसे झिरपतात, याचं मला कायम अस्वस्थ करणारं उदाहरण सिसिलीतलं आहे. १४ जुलै १९४३ रोजी बिस्कारी गावाजवळच्या धावपट्टीच्या परिसरात अमेरिकी सैन्याच्या एकाच डिव्हिजनमधल्या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी कैदी मारले. सार्जंट होरेस वेस्टवर काम होतं कैद्यांना मागे चौकशीसाठी नेण्याचं. त्याने वाटेत सदतीस जणांना गोळ्या घातल्या. कॅप्टन जॉन कॉम्प्टनने आपल्या माणसांची रांग लावून छत्तीस जणांना मारायला लावलं. दोघांवर लष्करी खटले चालले. दोघांनीही बचावात आपले सेनापती जनरल पॅटन यांच्या मोहिमेपूर्वीच्या भाषणाकडे बोट दाखवलं: कैदी नकोत असाच त्याचा अर्थ आम्ही घेतला. सार्जंटला जन्मठेप झाली. कॅप्टन निर्दोष सुटला. वर्षभराने सार्जंटलाही सोडून साधा शिपाई म्हणून परत घेतलं, आणि भाषणाबद्दल जनरलवर कोणताही खटला झाला नाही. गुन्हा तोच, दिवस तोच, बचाव तोच, आणि निकाल हुद्द्याप्रमाणे. म्हणून अधिकाऱ्यांना मी सांगत असे की हुकूम फक्त लेखी नसतो. मोहिमेआधी तुम्ही शत्रूबद्दल ज्या भाषेत बोलता, तीही तुमची माणसं हुकूम म्हणूनच ऐकतात.

आता मधला थर. माझ्या मते खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

अधिकाऱ्याने मारा म्हटलं असेल, तर प्रकरण सोपं. तो मारणाऱ्याइतकाच गुन्हेगार. कठीण ते प्रकरण, जिथे त्याने काहीच म्हटलं नाही. १९४५ मध्ये मनिला इथे जपानी जनरल यामाशिता यांच्यावर अमेरिकी लष्करी आयोगासमोर खटला चालला. त्यांच्या सैन्याने फिलिपिन्समध्ये कैद्यांवर आणि नागरिकांवर भयंकर अत्याचार केले होते, पण यामाशितांनी तसा हुकूम दिल्याचा पुरावा समोर आला नाही. दळणवळण तुटलं होतं, तुकड्या विखुरल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. आयोगाने त्यांना दोषी ठरवलं, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९४६ मध्ये हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि त्याच महिन्यात त्यांना फाशी झाली. मर्फी आणि रटलेज या दोन न्यायमूर्तींनी कडक शब्दांत वेगळं मत नोंदवलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. सैन्यावर ताबा राहिला नाही एवढ्यावरून माणसाला फासावर चढवायचं, तर माहिती असणं आणि नसणं यात फरकच उरत नाही.

हा फरक पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने नीट मांडला. १९९२ मध्ये मध्य बोस्नियातल्या चेलेबिची छावणीत बोस्नियाई सर्ब कैद्यांना मारहाण झाली, बलात्कार झाले, काहींना ठार केलं गेलं. नोव्हेंबर १९९८ च्या निकालात तीन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात असं ठरलं. मारणारा खरोखर त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होता का, अधिकाऱ्याला माहीत होतं किंवा माहीत होण्यासारखी कारणं समोर होती का, आणि त्याने रोखण्यासाठी किंवा शिक्षा करण्यासाठी शक्य ते केलं का. छावणीप्रमुख म्युचिच बऱ्याच रात्री छावणीत नसायचा. ती गैरहजेरी त्याच्या कामी आली नाही, कारण आपल्यामागे काय चालतं ते त्याला कळत होतं. दुसरीकडे त्याच खटल्यात देलालिच नावाचा वजनदार माणूस सुटला, कारण छावणीवर त्याची प्रत्यक्ष हुकमत असल्याचं सिद्ध झालं नाही. आणि एसाद लांजो हा एकोणीस वर्षांचा पहारेकरी पंधरा वर्षांसाठी तुरुंगात गेला. पद नव्हे, हुकमत पाहायची, हा धडा तिथला.

‘शक्य ते’ म्हणजे किती, यावर मात्र अजून वाद आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या गुन्ह्यांसाठी जाँ-पिएर बेंबा यांना २०१६ मध्ये दोषी ठरवलं, अठरा वर्षांची शिक्षा दिली, आणि २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष सोडलं. दूर दुसऱ्या देशात बसलेल्या सेनापतीच्या हातात किती होतं, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. ते प्रकरण कैद्यांचं नव्हतं, म्हणून तपशिलात जात नाही. पण कोठडीच्या भिंतीपलीकडे ज्याचं कार्यालय आहे, त्याला हा आधार घेता येणार नाही, एवढं नक्की.

आणि हे भिंतीपलीकडचं कार्यालय मी उगाच म्हटलं नाही. इराकमधल्या बसऱ्यातलं बहा मूसाचं प्रकरण प्रत्येक तरुण अधिकाऱ्याने तपशिलात वाचावं. बहा मूसा हा सव्वीस वर्षांचा, एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करणारा इराकी. १४ सप्टेंबर २००३ रोजी सकाळी ब्रिटिश सैनिकांनी हॉटेलवर छापा घालून त्याला इतरांबरोबर पकडलं आणि बटालियनच्या तळावरच्या तात्पुरत्या कोठडीत ठेवलं. छत्तीस तासांनी तो मेला. शवविच्छेदनात अंगावर त्र्याण्णव जखमा मोजल्या गेल्या. त्या छत्तीस तासांपैकी जवळजवळ चोवीस तास त्याच्या डोक्यावर पिशवी होती.

चौकशीपुढे एक छोटी चित्रफीत आली, मिनिटभराची. अरुंद खोली, डोक्यावर गोणपाटाच्या पिशव्या घातलेली माणसं, हात बांधलेले. गुडघे वाकवून, पाठ भिंतीला लावून अधांतरी बसल्यासारखं राहायचं. कोणी खचून खाली आला की कॉर्पोरल डोनाल्ड पेन ओरडत त्याला पुन्हा वर ओढतो. हाच पेन आल्यागेल्यांना एक ‘खेळ’ दाखवायचा. ओळीतल्या एकेका कैद्याला मारत जायचं, म्हणजे एकापाठोपाठ एक विव्हळण्याचे आवाज येतात, आणि त्याला त्याने ‘कॉयर’ म्हणजे समूहगान असं नाव दिलं होतं. हे आडरानात घडलं नाही, तळाच्या आत घडलं. सैनिक येत-जात होते, आवाज बाहेर ऐकू जात होते. तुकडीचा धर्मगुरू तिथे येऊन गेला होता. डॉक्टरने मृतदेहावर उपचार करून पाहिले, पण जखमा दिसल्या नाहीत असं पुढे सांगितलं. त्याचं नाव २०१२ मध्ये वैद्यकीय नोंदणीतून काढून टाकलं गेलं.

मग खटला उभा राहिला. सात जणांवर आरोप होते, बटालियनप्रमुख कर्नल मेंडोंसा यांच्यासह. शेवटी शिक्षा झाली ती एकट्या पेनला, अमानुष वागणुकीचा गुन्हा त्याने स्वतः कबूल केला म्हणून, आणि तीही एक वर्षाची. सैनिकांनी एकमेकांना पाठीशी घातल्याचं उघड दिसतंय, असं न्यायाधीशांनीच भर कोर्टात नोंदवलं. कोर्टाला आणखी कोणी सापडलं नाही. पण २०११ मध्ये सर विल्यम गेज यांच्या जाहीर चौकशीचा अहवाल आला, आणि त्यात वरपर्यंतचे थर उघडे पडले. कर्नलला मारहाण माहीत नव्हती हे गेज यांनी मान्य केलं, पण बटालियनप्रमुख म्हणून त्याला ती माहीत असायला हवी होती, असं म्हणून मोठी जबाबदारी त्याच्यावर ठेवली. त्याहून खोलवरची गोष्ट पुढची. डोक्यावर पिशवी घालणं, भिंतीला उभं करणं, कर्कश आवाज, झोप न देणं, अन्नपाणी तोडणं, या पाचही पद्धतींवर पंतप्रधान हीथ यांनी मार्च १९७२ मध्ये संसदेत बंदी जाहीर केली होती. उत्तर आयर्लंडमधल्या बंदिवानांवर त्या वापरल्याने गदारोळ झाला होता. एकतीस वर्षांनी बसऱ्यात उतरलेल्या सैनिकांना ही बंदी ठाऊकच नव्हती. ती प्रशिक्षणातून, पुस्तिकांमधून हळूहळू गळून गेली होती. गेज यांनी हे संरक्षण मंत्रालयाचं संस्था म्हणून झालेलं अपयश ठरवलं. २००३ च्याच मार्चमध्ये सैन्याच्याच वरिष्ठ विधी अधिकाऱ्याने पिशव्या घातलेले कैदी पाहून आक्षेप घेतला होता, हे वाचून मला आजही झोंबतं. माझ्यासारखाच माणूस तो. त्याने योग्य वेळी योग्य ते सांगितलं होतं, तरी सहा महिन्यांनी बहा मूसा मेला.

२००८ मध्ये ब्रिटनने त्याच्या कुटुंबाला आणि इतर नऊ जणांना मिळून २८ लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. म्हणजे एकाच मृत्यूत पाहा: हात उचलणारा तुरुंगात गेला, प्रमुखावर चौकशीत ठपका आला, मंत्रालयाचं अपयश नोंदलं गेलं, राष्ट्राने पैसे मोजले. एकाची जबाबदारी दुसऱ्यामुळे रतीभरही कमी झाली नाही. कमी पडला तो फौजदारी न्याय.

आता सगळ्यात वरचा थर, जिथे हात रक्ताने नव्हे, शाईने माखतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले आणि त्यांतले अंदाजे ३३ लाख मेले. इतके मृत्यू कोण्या दुष्ट पहारेकऱ्यांमुळे होत नसतात. सप्टेंबर १९४१ मध्ये गुप्तचर प्रमुख कॅनारिस यांच्या कार्यालयाने लेखी आक्षेप घेतला की ही वागणूक युद्धाच्या नियमांना धरून नाही. जर्मन सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयाचे प्रमुख फील्डमार्शल कायटेल यांनी त्यावर शेरा मारला: हे आक्षेप शूरांच्या युद्धाच्या कल्पनेतून आलेत, इथे एका विचारसरणीचा नाश करायचा आहे, म्हणून मी या उपायांना मान्यता देतो. तो कागद न्यूरेंबर्गला त्यांच्यासमोर ठेवला गेला. नंतरच्या सेनापतींच्या खटल्यात आणखी एक मुद्दा ठरला: वरून आलेला उघड गुन्हेगारी हुकूम नुसता खाली पाठवणं, हीसुद्धा गुन्ह्यातली भागीदारी असू शकते. ‘मी फक्त पुढे पाठवला’ म्हणणाऱ्या प्रत्येक स्टाफ अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

इराकमधल्या अबू ग्रेब या अमेरिकी ताब्यातल्या तुरुंगातली कैद्यांच्या छळाची छायाचित्रं २००४ मध्ये जगाने पाहिली. तेव्हा अधिकृत सूर होता की ही मूठभर नासक्या माणसांची करणी. अकरा सैनिक दोषी ठरले. चार्ल्स ग्रेनरला दहा वर्षं, लिंडी इंग्लंडला तीन. तुरुंगाच्या प्रमुख ब्रिगेडियर जनरल कार्पिन्स्की यांचा हुद्दा उतरवला, गुप्तवार्ता विभागाच्या कर्नलला ताकीद आणि दंड. त्यांच्या वरचा कोणीही कोर्टात उभा राहिला नाही. पण डिसेंबर २००२ मध्येच अमेरिकी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी क्युबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी तुरुंगासाठी कैद्यांना तासन्‌तास उभं ठेवण्यासारख्या पद्धती मंजूर केल्या होत्या, आणि त्या कागदावर हाताने लिहिलं होतं की मी स्वतः दिवसाचे आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का? २००८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने स्पष्ट म्हटलं की अबू ग्रेबमध्ये जे झालं ते काही शिपायांनी आपल्या मनाने केलं असं नव्हे. कागदावर मंजूर झालेलं चार तासांचं उभं राहणं खालच्या कोठडीत पोहोचेपर्यंत काय होतं, ते त्या छायाचित्रांत आहे. ग्रेनरची शिक्षा मला चुकीची वाटत नाही. ती तिथेच थांबली, हे चूक वाटतं.

कंत्राटदारांचाही प्रश्न अनेक जण विचारतात. अबू ग्रेबमध्ये चौकशी करणारे काही जण सैनिक नव्हते, खासगी कंपनीचे नोकर होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने सीएसीआय या कंपनीने तीन इराकी बंदिवानांना ४ कोटी २० लाख डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. वीस वर्षं लागली. गणवेश नसल्याने जबाबदारी टळत नाही, पण सिद्ध करायला एक पिढी जाते.

आणि एक आक्षेप नेहमी येतो: ‘शत्रू आमच्या माणसांचे हाल करतो, मग आम्हीच का पाळायचं?’ हा प्रश्न बहुतेक वेळा ज्याने आपला माणूस गमावलाय तो विचारतो, म्हणून मी तो कधी झिडकारला नाही. कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे: युद्धकैद्यांवर सूड म्हणून कारवाई करायला तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या तेराव्या कलमाने पूर्ण मनाई आहे. समोरचा गणवेशातला सैनिक नसेल, बंडखोर असेल, तरी चारही जिनिव्हा करारांमधलं समान तिसरं कलम लागू होतं आणि क्रूर वागणूक, छळ, अपमान निषिद्धच राहतात. माझं स्वतःचं उत्तर इतकंच की समोर बसलेल्या बांधलेल्या माणसाने तुमच्या मित्राला मारलं असेलच, तर त्याच्यावर खटला चालवता येतो. तुम्ही त्याला मारलंत, तर खटला तुमच्यावर चालेल.

आता तुमच्या भावाबद्दल. एका चौकशीत माझ्यासमोर पहाऱ्याची नोंदवही आली होती. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत दर तासाला ‘सर्व ठीक’ अशी नोंद. सात नोंदी, तीन वेगवेगळ्या पहारेकऱ्यांच्या नावाने. पण अक्षर एकच, शाई एकच, आणि ओळींचा कल असा सलग की सगळं एका बैठकीत लिहिलंय हे मी खोली न पाहताच सांगू शकलो. सकाळी त्या खोलीतल्या एका कैद्याच्या दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. त्या रात्री ड्युटीवरच्या तरुण अधिकाऱ्याने कोणालाही हात लावला नव्हता. त्याने सकाळी सहा वाजता त्या पानाखाली न वाचता सही केली होती. मी ती सही त्याच्यापुढे ठेवली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, मी आत गेलोच नाही.’

म्हणून भावाला सांगा, आत जायचं. ठरलेल्या वेळी नव्हे, अवेळी, पहाटे तीनला. नोंदवहीतली नावं आणि खोलीतली डोकी स्वतः मोजायची. कैद्याचा चेहरा उघडा आहे ना, तो चालू शकतो ना, पाणी आहे ना, ते डोळ्यांनी पाहायचं. कैदी आपल्याकडे आला की त्याच्या अंगावर आधीच असलेल्या जखमा लिहून घ्यायच्या, आणि दुसऱ्याच्या हवाली करताना नाव, वेळ आणि अवस्था लिहून सही घ्यायची. चौकशीवाले ‘जरा तासभर द्या’ म्हणाले तरी हेच. पकडणारे आणि राखणारे शक्यतो वेगळे ठेवायचे. ज्या तुकडीचा माणूस आज गेला, तिला आज कैद्यांच्या पहाऱ्यावर लावायचं नाही. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना कैद्यांशी साक्षीदाराशिवाय बोलण्याचा हक्क तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या एकशे सव्विसाव्या कलमाने दिलाय. ते आले तर आडवं यायचं नाही.

आणि मारहाण डोळ्यांसमोर होत असेल, तर आधी ती थांबवायची. हुद्दा असेल तर हुकूम देऊन, नसेल तर मध्ये उभं राहून. लगेच डॉक्टर बोलवायचा. मग त्याच रात्री लेखी कळवायचं, तोंडी नाही: काय पाहिलं, किती वाजता, कोण होतं. वरचा अधिकारी तो कागद दाबतोय असं दिसलं, तर त्याच्या वरच्याला, विधी अधिकाऱ्याला किंवा लष्करी पोलिसांना. अबू ग्रेबची छायाचित्रं जो डार्बी या राखीव दलातल्या सैनिकाने जानेवारी २००४ मध्ये एका सीडीवर घालून लष्करी तपासनिसांकडे दिली होती. पुढे त्याचं नाव जाहीर झालं, आणि गावातल्या रोषामुळे त्याला आपल्या घरी परतता आलं नाही. ही किंमत मी भावापासून लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका. त्याला सांगा की लिहिलेल्या अहवालावर पोचल्याची तारीख आणि सही घ्यायची, आणि कोणाला, कधी, काय कळवलं याची नोंद स्वतःकडे ठेवायची. चौकशी उभी राहायला कधी तीन महिने लागतात, कधी आठ वर्षं, आणि तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की त्या रात्री तू काय केलंस.